एकच चूल

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका मंगळवारी दुपारी आमच्या गावावर वादळ आलं. गाव बेळगावहून सांब्र्याला जाणाऱ्या वाटेवरचं, निम्मं शेतकऱ्यांचं, निम्मं विणकरांचं. अर्ध्या तासात विणकरांच्या गल्लीतली बरीच छपरं उडाली. आमच्या घराचं आढं मोडून मागावर पडलं. मागाच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं आणि मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, खळ धुऊन गेल्यामुळे वाया गेला. माणूस कुणी दगावलं नाही.

शेजारचं घर थोरल्या चुलत्याचं. मधली भिंत सामाईक. त्याच्या घराची मागच्या बाजूची थोडी कौलं फुटली, एवढंच.

माझे वडील आणि चुलता आठ वर्षांपूर्वी वेगळे झाले होते. कागद झाला नव्हता. एका सकाळी आईनं आमच्या बाजूला वेगळी चूल घातली, ती वाटणी. गल्लीत सगळ्यांच्या वाटण्या अशाच होत. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं, आणि ते सगळ्यांना माहीत असे.

आढं पडलेल्या घरात, ते परत चढेपर्यंत चूल पेटवायची नाही, अशी आमच्यात रीत होती. त्यामुळे वादळाच्या दुसऱ्या दिवसापासून आई आपलं पीठ, आपलं मीठ घेऊन चुलतीच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. भाकरी तिथे भाजायची आणि जेवणही तिथेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी तलाठी पंचनाम्याला आला. छप्पर गेलेल्या कुटुंबाला सरकार मदत देणार होतं, आणि कुटुंबं चुलींवरून मोजायची होती. तो दारात उभा राहिला तेव्हा आम्ही सगळे एका ओळीत जेवत होतो.

"एकच चूल काय?" त्यानं विचारलं.

"व्हय, एकच," चुलता म्हणाला.

वडील त्याच्या शेजारी बसले होते. हातात घास होता. तो त्यांनी तोंडात घातला. तलाठ्यानं दोन्ही घरं मिळून एक कुटुंब लिहिलं, नाव चुलत्याचं, आणि पडलेल्या आढ्याचं नुकसान त्याच नावाखाली टाकलं.

नंतर, का बोलला नाहीत, असं आईनं वडिलांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "भावाच्या घरचं जेवताना परक्याम्होरं आमी येगळं हाय म्हणून सांगू? तोंडात घास होता गं."

"घास गिळायचा आन् बोलायचं," आई म्हणाली.

मदत ज्येष्ठ लागल्यावर मिळाली. चुलत्यानं अंगठा देऊन ती उचलली आणि आठवड्याच्या आत आपल्या पूर्ण घरावर नवी मंगलोरी कौलं चढवली. आमच्या घरावर तात्पुरतं घातलेलं उसाचं पाचट होतं. मृग चार दिवसांवर आला होता. आई चुलत्याच्या दारात गेली. मी बरोबर होतो.

"आप्पा, आमचं आढं कवा चढतंय?"

"सरकारनं कुणाचं नाव लिवलंय? माझं. एक चूल लिवलीया. त्यात म्या काय करू?"

आई परत आली. ती रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलतीकडे रिकाम्या हातांनी गेली.

"पीठ कुठाय?" चुलतीनं विचारलं.

"कसलं पीठ, आक्का? चूल एक, तर डबा बी एकच की."

त्या दिवसापासून आम्ही आमचं धान्य त्या घरात नेलं नाही. दोन्ही वेळा जेवायला मात्र गेलो. वडील पहिले दोन दिवस उपाशी राहिले, तिसऱ्या दिवशी आईनं त्यांना हाताला धरून पानावर बसवलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि दोन माणसांचं जेवत असे. त्या महिन्यात मी तीन माणसांचं जेवलो. भूक नसताना मागून घेतलेल्या भाकरीची चव मला अजून आठवते. ती गोड होती.

पावसाची पहिली सर आली तशी आई कुदळ घेऊन चुलत्याच्या पुढच्या सोप्यात उभी राहिली. आमचा माग खड्ड्याचा होता. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. तो बसवायचा तर जमीन खणावी लागते.

"खण रं," ती मला म्हणाली.

चुलती धावत आली. "आगं बया! माझ्या सोप्यात खड्डा?"

"आपल्या सोप्यात, आक्का. घर एक हाय न्हवं?"

"न्हाय खणू द्यायची! जीव गेला तरी न्हाय!"

"मग चल तलाठ्याकडं," मी हसत म्हणालो. "दोन घरं हाईत म्हणून सांग. मी लगेच कुदळ ठेवतो."

चुलतीनं चुलत्याकडे बघितलं. चुलता पानाला चुना लावत होता. तो उठून बाहेर गेला. मी कमरेपर्यंत खणलं. माती त्यांच्याच अंगणात टाकली. चार दिवसांनी नवीन कौलांखाली आमचा दुरुस्त केलेला माग सुरू झाला आणि पहाटेपासून दिवे लागेपर्यंत त्याचा आवाज त्या घरात राहिला. आई बहुतेक वेळा मुद्दाम चुलता जेवायला बसला की मागावर बसायची.

आषाढात चुलत्यानं मला अर्ज लिहायला सांगितला. गल्लीतले अर्ज मीच लिहीत असे, सात इयत्ता झाल्या होत्या. आम्ही आठ वर्षं वेगळे आहोत, धाकट्या भावाच्या कुटुंबाला घराबाहेर काढावं, असं त्याला मामलेदाराला कळवायचं होतं.

"शाई संपलीया, आप्पा," मी म्हणालो. दौत माझ्यासमोर भरलेली होती. त्यानं ती बघितली.

त्यानं बेळगावात कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला. श्रावणात मामलेदाराच्या कचेरीतला सर्कलसाहेब चौकशीला आला, बरोबर तलाठी. साहेब सोप्यात खड्ड्याच्या काठाशी उभा राहिला आणि त्यानं चुलत्याला एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही वेगळे, तर त्यांच्या आढ्याची मदत तुम्ही कशी उचलली?"

मग चुली किती, ते साहेबानं आईला विचारलं.

"एकच चूल, साहेब," आई म्हणाली. डोक्यावर पदर, आवाज खाली. "तलाठीसायबांनी डोळ्यानं बघून लिवलंय. त्ये खोटं कसं आसंल?"

आपला कागद खरा आहे, असं तलाठ्यानंही लगेच सांगितलं. अर्ज फेटाळला गेला. साहेब गेल्यावर चुलता उंबऱ्यावर बसून राहिला. आई त्याच्यासमोरून पाण्याची घागर घेऊन दोनदा गेली. घरात पाणी भरपूर होतं.

त्याच आठवड्यात आमच्या बाजूची मागची भिंत भिजून बसली आणि सामाईक भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आता त्याची नवी कौलं आमच्या भिंतीबरोबर खाली येणार होती. चुलता वडिलांकडे आला.

"आढं चढवतो. माग काढा," तो म्हणाला.

वडील हो म्हणणार होते. आईनं त्यांना बोलू दिलं नाही. "पंचांम्होरं बोलायचं, आप्पा. समद्या गल्लीम्होरं. कुणाच्या घराचं पैसं कुणी खाल्लं, त्ये."

विणकरांचे पंच मारुतीच्या देवळात बसले. बायकांनी तिथे बोलायची पद्धत नव्हती, म्हणून आई दाराबाहेर उभी राहिली. चुलत्यानं सांगितलं, चुली दोन, मदत धाकट्याच्या आढ्याची, ती मी वापरली.

"आईकू आलं न्हाय," आई बाहेरून म्हणाली.

कुणीतरी हसलं. चुलत्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तिनं तिसऱ्यांदा बोलायला लावलं असतं, पण एका म्हाताऱ्या पंचानं हात वर केला.

भाद्रपदात, गणपतीच्या आधी, आमच्या घरावर नवं आढं आणि कौलं चढली. खर्च चुलत्याचा. भिंतही त्यानंच बांधून दिली. आईनं नवी चूल घातली. नव्या चुलीसाठी विस्तव भावकीतून आणतात, म्हणून चुलती खापरीत निखारे घेऊन आली. खापरी तापली होती, तिनं ती पदरानं धरली होती.

"घे गं," ती म्हणाली.

आई म्हणाली, "ठेव तुझ्या चुलीत. आमची येगळी हाय."

निखारे विझून राख होईपर्यंत चुलती दारात उभी होती. विस्तव मी गल्लीच्या टोकाच्या कुंभाराकडून आणला.

पुढच्या उन्हाळ्यात तलाठी चुली मोजायला पुन्हा आला. त्यानं दोन चुली लिहिल्या. आमच्या चुलीच्या नोंदीखाली वडिलांचा अंगठा आहे.