नखं नसलेला ठसा

दोन हजार दोन साल, मी एकसष्ट वर्षांचा. शिकलो दुसरीपर्यंत, बाकी जन्म मेंढरांमागं. तरी न्हावऱ्याकडच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेतले गुरुजी दर शनिवारी पोरं माझ्याच हवाली करत. माग कसा ओळखायचा, होला घरटं कुठं करतो, हे पुस्तकात नव्हतं, माझ्याकडं होतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

त्या हिवाळ्यात उसात वाघ आल्याची आवई उठली. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात.

"आबा, हा शनिवार राहू द्या," गुरुजी म्हणाले.

"वाघ डोंगरातला. हितं काय साखर खायाला येतोय? तरस आसंल. मेंढरं तुम्ही राखली का मी?"

गुरुजींनी पोरं रांगेत उभी केली. मी अठरा पोरं घेऊन निघालो.

ओढ्याच्या ओल्या वाळूत ठसे दिसले. "हे बघा, तरस," मी लांबूनच सांगितलं. चौथीतली एक पोरगी ठशापाशी उकिडवी बसली.

"आबा, नखं कुठायत?"

"बुजली असत्याल."

"मग शेजारच्या ह्या कुत्र्याच्या ठशातली का न्हाई बुजली? तुम्हीच म्हणला व्हता, तरसाची नखं उमटत्यात."

"आबा नापास!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी हसली.

मी वाकलो. गोल ठसा, रुंद तळवा, नख एकही नाही; वाघ नखं आत ओढून चालतो. त्यात पाणी अजून झिरपत होतं. म्हणजे जनावर आत्ताच गेलं होतं. ऊस चार पावलांवर. वारा नव्हता, तरी आत उसाचं वाळलं पाचट वाजलं आणि थांबलं. घटकेपूर्वी कलकलणारे सातभाई पक्षी एकदम मुके झाले होते.

पोरगी अजून बसलेलीच. दंडाला धरून तिला उभं केलं. मेंढरू गेलं असतं तर माझं गेलं असतं. ही लोकांची लेकरं होती, आणि माझ्या शब्दावर आली होती.

"एकमेकांचा सदरा धरा. बारकी मधी. पळायचं न्हाई. मोठ्यानं पाढे म्हणा."

"कितीचा, आबा?"

"येतोय तो म्हणा! मला काय इचारता?"

पोरं हसत, बोंबलत निघाली. मी काठी घेऊन उसाकडं तोंड करून मागं मागं चाललो. सतराच्या पाढ्याला सगळी अडखळली, आणि त्या शांततेत आमच्या बरोबरीनं पाचट वाजत आलेलं मी ऐकलं.

"थांबू नका! परत दोनापासनं!"

सडकेवर आल्यावर मोजली. सतरा. पुन्हा मोजणार, तोच धोतराला ओढ बसली. ती पोरगी सोगा धरून माझ्या पाठीशीच होती.

शाळेच्या फाटकात गुरुजींनी विचारलं, "काय दिसलं, आबा?"

"तरस," मी म्हणालो. तोंडातून तेच निघालं. पोरीनं माझ्याकडं पाहिलं.

घरी आल्यावर ध्यानात आलं. तिचं घर ओढ्यापलीकडं. त्या दिवशी तिकडची पोरं मी सडकेनं धाडली होती, पण सोमवारी आठ-दहा लेकरं ओढ्याच्या वाटेनं शाळेला येणार होती, आबा तरस म्हणाले म्हणून, बिनधास्त.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी सडकेनं लांबचा वळसा घालून तिच्या दारात गेलो. तिचा बाप दूध काढत होता.

"या आबा. एवढ्या सकाळचं?"

"वाघ हाय," मी म्हणालो. "तुझ्या पोरीनं वळखला, मी चुकलो. ओढ्याच्या वाटंनं लेकरं धाडू नको."

मग तिथून पुढच्या दारात गेलो आणि तेच सांगितलं.