उठवणीची कॉफी

बँकेतली चांगली खुर्ची सोडून सेनियानं ट्राव्हनिक गावच्या बाजारात न्हाव्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. जिन्यापाशी पाटी लावली, 'आर्थिक सल्लागार'. लोक पाटी वाचायचे आणि खाली दाढीला बसायचे.

आई म्हणाली, "अगं बये, पैशाचं काय करायचं हे सांगायला ज्याला-त्याला जावई आहेत, शेजारी आहेत. तुला कोण विचारतंय? साहेबानं एक तारखेपर्यंत खुर्ची राखलीय. गुमान परत जा."

"एक गिऱ्हाईक मिळू दे, मग बोल." सेनियाला स्वतःबद्दल शंका नव्हती. शंका होती ती गावाला.

ते एक गिऱ्हाईक म्हणून तिनं रसेमा-हनुमाला हेरलं; थोरामोठ्या बाईला आमच्याकडं मानानं 'हनुमा' म्हणतात. म्हातारीचा नवरा जर्मनीत भट्टीपुढं उभं आयुष्य भाजून बरी पुंजी मागं ठेवून गेला होता.

हनुमानं पहिली कॉफी दिली, सोबत साखरेचा खडा. दुसरी ओतली तशी सेनियानं कागद पसरले. तेवढ्यात बागेच्या फाटकातून हनुमाच्या नवऱ्याचा भाचा एश्रेफ आला.

"मामी, गाड्या धुवायचं दुकान काढतोय. थोडा हातभार लाव की!"

हनुमा उठली, कपाटातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या. पठ्ठ्या बसलासुद्धा नाही.

सेनिया पुन्हा सुरू झाली, "तर हनुमा, वीस वर्षांचा विचार केला तर..."

"वीस वर्षं? पोरी, तोवर मी नवऱ्याशेजारी मातीत असेन. तिथं व्याज देतात काय गं?"

असं म्हणून हनुमानं तिसरी कॉफी पुढ्यात ठेवली. आमच्याकडं पहिली स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी उठवणीची. तिसरी आली की शहाण्या पाहुण्यानं पायताण शोधावं.

सेनियानं कागद पिशवीत भरले. पण उठली नाही.

"मला उठवणीची दिलीत ती दिलीत. एश्रेफला का नाही दिली?"

हनुमा पदराशी चाळा करावा तशी रुमालाच्या टोकाशी चाळा करत राहिली. "नवऱ्याच्या रक्ताचा आहे गं. गेल्या साली म्हणे मधमाश्या पाळणार होता. कळतं सगळं. पण नाही म्हणायला तोंडच उघडत नाही."

"मग तुमचं तोंड मी होते. कुणी मागायला आलं की सांगायचं, माझा व्यवहार सेनियाकडं आहे, बाजारात तिच्या खोलीवर जाऊन कॉफी पी. पुंजीतलं तुम्हाला दर महिन्याला काय लागेल ते मी बांधून देते. बाकीचं कुलपात."

हनुमा हसायला लागली, ती डोक्यावरचा रुमाल घसरेपर्यंत. सेनियापुढचा कप उचलून तिनं खिडकीतल्या फुलझाडात रिकामा केला आणि भांडं परत चुलीवर चढवलं.

"बस. काढ ते कागद. आता पहिलीपासून."

बाहेर पडल्या पडल्या सेनियानं आईला फोन लावला, "साहेबाला म्हणावं, खुर्ची दे कुणालाही."

पुढच्याच आठवड्यात एश्रेफ धापा टाकत जिना चढून आला. सेनियानं हसून त्याला बसवलं, कॉफी दिली.

एकच. तिसरी.