शिंगं अण्णांची, पाय माझे

"तू बेंगळुरूत नेमका करतोस तरी काय?" निपाणीला गेलो की कुणीतरी हमखास विचारतं. "सुटलेली जनावरं दोर टाकून पकडतो," एवढं मी म्हणायचा अवकाश, समोरचा खुर्ची पुढे ओढतो. एक किस्सा सांगावा तर दुसरा आठवतो, आणि ताटातलं गार होतं. आई तर हल्ली मी आलो की अर्धा तास उशिराच वाढते!

आमची संस्था लहान. एक जीप, एक टेम्पो, जनावरांच्या एक डॉक्टर मॅडम आणि दोर टाकणारी आमची जोडी. शंकरअण्णा चामराजपेटचे, त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्या बेंगळुरूतलंच. ते शिंगांत फास टाकतात, मी मागच्या पायांत. दोन्ही दोर ताणले की जनावर जागच्या जागी थांबतं आणि मॅडम इंजेक्शन देतात. एकट्याचा दोर काही कामाचा नाही.

*

दोराचं टोक जीपच्या हुकाला गुंडाळताना अंगठा वर ठेवायचा, हा अण्णांचा कायदा. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं वरचं पेर त्याच हुकात गेलंय. म्हणून प्रत्येक कामानंतर, चहाच्या आधी, हुकूम सुटतो, "दत्ता, अंगठे बघू!"

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचे वडील मला बघायला थेट ऑफिसात आले. आम्ही नुकतेच काम उरकून परतलो होतो. अण्णांनी पाहुण्यांसमोरच माझे अंगठे उलटेसुलटे करून तपासले आणि त्यांना म्हणाले, "दोन्ही आहेत. मुलगा चांगला आहे."

लग्न जमलं!

*

बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या बाजारात एक गाय भाजीवाल्यांच्या गल्लीत शिरली होती. अर्धा तास आम्ही दोर घेऊन तिच्यामागे. ती कोथिंबीर खात पुढे, आम्ही माफी मागत मागे. एवढ्यात एक बाई आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "लक्ष्मी, मनेगे बा!"

घरी चल म्हटल्याबरोबर लक्ष्मी वळली आणि त्यांच्या मागून मुकाट चालू लागली.

अण्णा घामाघूम. "बाई, हे आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही तिचं नाव विचारलंत कुठं?"

तेव्हापासून फोन आला की आमचा पहिला प्रश्न, "नाव काय तिचं?" पुष्कळ लोक घाबरून फोन ठेवतात.

*

बेळ्ळंदूरच्या एका उंच सोसायटीत बैल बेसमेंट पार्किंगमध्ये गेला. त्याला पकडून टेम्पोत चढवला, तर गेटवर सिक्युरिटीवाला आडवा. "एन्ट्री नहीं है, तो एक्झिट कैसे होगा?"

"आमची एन्ट्री आहे की," अण्णा म्हणाले.

"आपका है. इसका नहीं है."

शेवटी सेक्रेटरी खाली आले. बैलाचा फोटो काढला, ॲपमध्ये व्हिजिटर म्हणून त्याची नोंद झाली. "येण्याचं कारण काय लिहू?" सेक्रेटरींनी गंभीरपणे विचारलं.

अण्णा म्हणाले, "पर्सनल."

*

वीस वर्षं बैलांनी अण्णांचं काही वाकडं केलं नाही. खांदा गेला तो माळ्यावरचा मोठा कुकर काढताना! डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?" अण्णा म्हणाले, "बैल." शेजारी बसलेल्या अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "पाच लिटरचा."

ऑपरेशन झालं. चार महिने अण्णा घरी, आणि मी उसन्या जोडीदारांबरोबर. एकानं माझाच बूट पकडला, दुसऱ्यानं विजेचा खांब. मला रोज अण्णांची आठवण यायची, हे लपवून काय करू? इकडे अण्णा गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर फास टाकून सराव करत होते. अक्कांनी मला फोन केला, "दत्ता, यांना लवकर घेऊन जा रे. मी बसायला जाते आणि खुर्ची निघून जाते!"

*

अण्णा परत आले त्या दिवशी मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "पहिला फास बरोबर बसला तर तुम्ही दोरावर. नाही बसला तर उद्यापासून ऑफिसात फोन घ्यायचे." अण्णांचं तोंड उतरलं. फोन त्यांना बैलापेक्षा भारी.

काम निघालं ते चामराजपेटातच. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात एक तांबडा बैल उष्ट्या केळीच्या पानांवर ताव मारत होता. मॅडम जीपपलीकडे इंजेक्शन भरत होत्या. अण्णांनी फास फिरवायला घेतला. "स्वल्प थांब," ते मला म्हणाले.

मी थांबलो नाही. पायांच्या बाजूला सरकलो आणि ओल्या पानावरून घसरून बैलासमोर बसलो! त्यानं मान खाली घातली. पुढच्या क्षणी डोक्यावरून काहीतरी सरकलं, काखेत आवळलं आणि मी पानांवरून सर्रकन जीपच्या चाकापाशी! बैल रिकाम्या पातेल्यांवर जाऊन आदळला आणि तिथंच गोंधळून उभा राहिला.

अण्णांनी माझ्या अंगावरचा फास काढला, पुन्हा फिरवला आणि शिंगांत टाकला. मी पाय धरले. मॅडम धावत आल्या, इंजेक्शन दिलं. मग त्यांनी अण्णांना दोरावर घ्यायचा कागद काढला आणि मलाच विचारलं, "दत्ता, पहिला फास टाकला तिथेच बसला?"

अण्णा दोर गुंडाळत खाली बघत होते. माझ्या काखेत चुरचुरत होतं.

"अगदी तिथेच, मॅडम."

त्यांनी सही केली. माझा जीव भांड्यात पडला. अण्णा राहिले! मॅडम टेम्पोकडे गेल्यावर मी हळूच विचारलं, "अण्णा, खरं सांगा. नेम बैलावर होता की माझ्यावर?"

अण्णांनी दोर जीपमध्ये टाकला, हात पुसले.

"दत्ता, अंगठे बघू!"