खड्डा कोण उपसणार?

संडासाच्या खड्ड्यावरून भांडण होतं, हे तुम्हाला खोटं वाटेल. मी भांडले आहे. दूध संस्थेच्या चेअरमनशी, सकाळच्या दुधाच्या वेळी, सगळ्या रांगेसमोर.

मी गवंडी आहे. बाई गवंडी. नेकनूरच्या बाजूला आमचं गाव, आणि गावात थापी धरणारी बाई मी एकटीच. शिकवलं बाबांनी. आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले गवंडी ते. त्यांच्या आधी घरात काय काम होतं? आजोबा गावाची मेलेली ढोरं ओढायचे. धम्म घेतला आणि त्यांनी ते काम सोडलं. सोडलं म्हणजे काय सोपं होतं व्हय? गावानं पाणी तोडलं, रानात पाय ठेवू दिला नाही. तरी परत दोराला हात लावला नाही त्यांनी. बाबा तेव्हा लहान होते. त्यांनी ते सगळं बघितलं आणि मोठेपणी थापी हातात घेतली. मला ओळंबा धरायला शिकवताना म्हणायचे, "आपन बांधायचं. वढायचं न्हाई."

ते वर्ष दुष्काळाचं. टँकर चार दिवसांनी यायचा, तोही आला तर. गावात सरकारी अनुदानाचे संडास होते, पण कुणात सरपण, कुणात कडबा, एकात तर कोंबड्या. शहरातून आलेले साहेब मान हलवायचे, म्हणायचे या लोकांना सवयच नाही, अक्कलच नाही. अहो, अक्कल त्या भांड्याला नव्हती! सपाट बुडाचं भांडं, एका वेळेला बादलीभर पाणी मागायचं. जिथं प्यायला घागर नाही, तिथं बादली कोण ओतणार?

हाल बायकांचे. दूध घालायला संस्थेच्या दारात रांग, टँकरही तिथंच यायचा, म्हणजे सकाळी आलेली बाई दुपारपर्यंत हलायची नाही. जावं लागू नये म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. एरवी ज्वारीचा, तुरीचा आडोसा तरी असतो. त्या वर्षी पीकच नव्हतं, नजर जाईल तिथवर माळ. शेवटी संस्थेच्या सभेत बायकांनीच आवाज केला, आणि संस्थेच्या आवारात संडास बांधायला चेअरमननं मला बोलावलं. कारण मी बीडला जाऊन संडास बांधायचं शिक्षण घेऊन आले होते. दहा दिवसांचं. पंचवीस पुरुषांत मी एकटी बाई.

चेअरमन म्हणाला, "एकच खड्डा घे. चांगला पंधरा फूट खोल. आतून सिमेंटचा गिलावा. ईस वर्षं बघायला नको."

आमच्याकडच्या माणसाची ही खोडच आहे. जन्मभर विहिरी खोदल्या, विहिरी खोल केल्या, बोअर मारले. खड्डा म्हटलं की खोलच पाहिजे, आणि आत आलेलं पाणी आतच राहिलं पाहिजे. मी सांगितलं, "चेअरमन, ही विहीर न्हाई. ह्यात पानी मुरलं पायजे."

मग तिथंच धुळीत काडीनं काढून दाखवलं. खड्डे दोन, छातीइतकेच खोल. विटांचं बांधकाम जाळीचं, मधे मधे फट सोडून, बूड उघडं, म्हणजे पाणी मुरमात जातं. भांडं खड्या उताराचं, त्याला दीड तांब्या पाणी पुरतं. खाली पाणी धरून ठेवणारा वाकडा नळ, त्याला आम्ही कोंबडा म्हणतो, त्यानं वास वर येत नाही. मधे चेंबर, त्यातून दोन खड्ड्यांकडं दोन तोंडं, एक विटेनं बंद. पहिला खड्डा भरला की वीट काढून दुसरीकडं लावायची. भरलेला दीड वर्ष झाकून ठेवायचा. आपोआप माती होते, सोनखत.

"अन् न्हाई झाली तर?" तो म्हणाला.

"होती. मी हातात घेऊन बघितली हाय."

खरंच घेतली होती. शिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सरांनी जुना खड्डा उघडून आमच्या प्रत्येकाच्या तळव्यावर मूठभर ठेवली. भुसभुशीत, काळी, पावसानंतरच्या उकिरड्याइतकाही वास नाही. पुरुष तोंडं वाकडी करत होते, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुणी म्हणेल, संडासाच्या मातीला बघून रडते, येडी का खुळी! पण मला कळलं होतं, ज्यानं कुणी हे शोधलं, त्यानं माणसाची घाण माणसाला उचलायला लावायची गरजच संपवली. माझ्यासाठी चंद्रावर जाण्यापेक्षा हा शोध मोठा होता, आणि आजही आहे.

विटा कमी लागतात म्हटल्यावर चेअरमन तयार झाला. बांधला. बायका वापरू लागल्या, पाणी पिऊ लागल्या. एक घोळ तेवढा झाला. पाणी वाचवायचं म्हणून संस्थेतल्या शहाण्यांनी दुधाचे कॅन धुतलेलं सोड्याचं पाणी महिनाभर संडासात ओतलं. मला कळलं तशी मी थयथयाट केला. सोड्यानं आतले किडे मरतात, मग माती कोण करणार, तुमचा मामा? त्यानंतर दुसऱ्या धुण्याचं, बिनसोड्याचं पाणी ओतायला लागले. पण माझ्या मनात ते महिनाभराचं पाणी रुतून बसलं.

पहिला खड्डा भरला, मी वीट फिरवली. दीड वर्ष गेलं, पुन्हा दुष्काळाचं वर्ष आलं. आणि एके दिवशी संस्थेतून निरोप आला, वस्तीतली दोन माणसं पाठवा, खड्डा उपसायचा आहे.

मी तशीच संस्थेत गेले. "वस्तीतलीच कावून?"

चेअरमननं वर न बघता सांगितलं, "मग कुणी करायचं? आमी? तुमचंच काम हाय ते."

"आमचं कवापासून? गावात संडास तरी व्हता का आधी?"

"जास्त बोलू नको. बांधलास तू, उपसायचं बी तूच बघ. न्हाईतर उद्यापासून वस्तीचं दूध घ्यायचं का न्हाई, ते आमाला बघावं लागंल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वस्तीत त्या वर्षी शेती नव्हती, मजुरी नव्हती, होतं ते दूध. आमच्या घरी एक म्हैस. ते दूध नाकारलं तर चूल थंड. आणि त्याहून मोठा संताप हा, की घाणीतून माणूस सोडवायला निघालेला शोध माझ्याच हातानं बांधला, आणि त्याच खड्ड्यात हे माझ्या वस्तीला उतरवायला निघाले होते. आजोबांनी सोडलेलं काम नवं नाव घेऊन दारात आलं होतं.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "जातो मी. एका दिवसाचं तर काम. दूध बंद झालं तर समद्या वस्तीचं व्हईल, तुझ्या एकटीचं न्हाई."

मी बापाला उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "बाबा, तुमी तिथं फावडं घेऊन गेलात तर मी पुन्हा थापीला हात लावणार न्हाई. आन घेऊन सांगते."

त्या रात्रभर मला सोड्याचं पाणी दिसत होतं.

सकाळी दुधाची रांग लागली तेव्हा मी पहार घेऊन गेले. चेअरमन दारातच होता. मी मोठ्यानं म्हणाले, "झाकण मी बसवलंय, मी उघडते. तेवढं गवंड्याचं काम. फावडं मी मारणार न्हाई, माझा बाप मारणार न्हाई, वस्तीतलं कुणीच मारणार न्हाई. दूध घ्यायचं नसंल तर ह्या रांगेसमोर सांगा."

मी पहार घातली. आत चिखल निघाला असता तर माझी थापी गेली, शब्द गेला, वस्तीचं दूध गेलं. फरशी सरकली. मी वाकून बघितलं.

माती होती. कोरडी, काळी, चहाच्या चोथ्यासारखी.

पहिली पुढं आली ती चेअरमनची चुलती. नाक लावून वास घेतला, मूठ भरून बोटांत चोळली आणि म्हणाली, "अगं बया, हे तर गांडुळखतापरीस बरं! मला लिंबाला दे एक घमेलं." झालं! दुसरी म्हणाली मला बी, तिसरी पदर खोचून पुढं. उकिरडा सुद्धा वाळून गेलेल्या वर्षात खत म्हणजे काय हे बायकांना कुणी सांगायला नको होतं. जे मघापर्यंत वस्तीचं काम होतं, त्यावर आता गावाची झुंबड.

चेअरमन धावला. "थांबा, थांबा! हात लावू नका कुणी! संस्थेचा माल हाय हा. रीतीनं वाटप व्हईल."

रीत म्हणजे पेंडीच्या वाटपाची. सभासदांच्या नंबरानं नाव पुकारायचं आणि माप चेअरमननं स्वतःच्या हातानं भरायचं, म्हणजे कमीजास्तीची कुरकुर नको. शिपायाकडून भरून घ्यायची त्याची इच्छा दिसली, पण बायका ऐकतात होय? "मापात खोट करतो त्यो, तुमीच भरा," म्हणाल्या. संस्थेचा मालक म्हणवून घेतलं की असं होतं. सदऱ्याच्या बाह्या वर करून चेअरमन खड्ड्यात उतरला.

नावं पुकारली जाऊ लागली. मी रांगेकडं बघितलं तर टोकाला बाबा उभे. केव्हा आले कळलं नाही. बाबा संस्थेचे जुने सभासद, अकरावा नंबर त्यांचा. नाव आलं तसे ते सरळ चालत खड्ड्याच्या कडेला गेले, खांद्यावरचं पोतं झटकलं आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड उघडून धरलं.

चेअरमन खालून त्यांच्याकडं बघत राहिला. फावडं हातात. सगळी रांग बघत होती. मग त्यानं वाकून एक फावडं भरलं आणि बाबांच्या पोत्यात टाकलं.

बाबा हलले नाहीत.

"माप भरलं न्हाई, चेअरमन," ते म्हणाले. "अजून टाका."