नवाकोरा कॉम्प्युटर

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, आणि आता तर विचारणारही नाही. अमरावतीत आमच्या गल्लीतले बिघडलेले कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा. आला की आधी कूलर स्वतःकडे वळवायचा, मग स्क्रू दातांत धरून डबा उघडायचा आणि फू फू करत आतली धूळ माझ्या धुतलेल्या चादरीवर उडवायचा. रोग कोणताही असो, औषध एकच: सगळं पुसून टाकायचं. वर पेनड्राइव्हमधून सिनेमाची गाणी फुकट भरून द्यायचा, म्हणून लोक त्याच्यावर खूश!

त्या दिवशी कॉम्प्युटर सुरूच होईना. मी त्याला बजावलं, "आत माझ्या आईचा आवाज आहे. काही पुसू नको." तेल्हाऱ्याच्या शेतात कापूस वेचताना ती गायची, ती गाणी मी त्यात ठेवली होती. पुढे शेत विकलं, आणि आईही गेली.

"हो काकू, टेन्शन नोका घेऊ," तो म्हणाला. मी चहा टाकायला आत गेले.

कप घेऊन आले तर स्क्रीनवर माझं काहीच नाही.

"झाला ना नवाकोरा!"

"अन् आईची गाणी?"

"गानेच पायजे ना? भरपूर टाकून देल्ले तुमाले."

आमच्याकडे दारी आलेल्याला चहाविना कोणी धाडत नाही. मी त्याच्या डोळ्यांदेखत कप अंगणात ओतला. तरी त्या माणसाला उमगेना. त्यानं एक गाणं लावलं, आवाज वाढवला आणि म्हणाला, "ऐका तं काकू, कसा खणखणीत आवाज येऊन राहिला!"