शेवटच्या खंडाच्या घड्या

मी एका संस्कृत संशोधन संस्थेत पत्रव्यवहार बघतो. आमच्या कोशाचे छापील कागद साकीनाक्याच्या बाइंडरकडे बांधणीला जायचे आणि मागोमाग माझी स्मरणपत्रं: 'काम त्वरित करावे.' तिथे कागदांच्या घड्या घालणाऱ्या म्हातारीचं नाव मला ठाऊक नाही. कागदाला पाय लागला की ती नमस्कार करायची.

कोशाचे संपादक गुरुजी वारले. शेवटचा खंड अर्ध्यावरच राहिला. 'छापलेले कागद रद्दीत द्यावेत' हे पत्र मीच नेलं. बाइंडरने ते मोठ्याने वाचलं, तरी म्हातारीचे हात चालूच राहिले.

"आजी, हे रद्दीतच जाणार ना आता?" मी विचारलं.

"म्हणून काय चोळामोळा करून पाठवायचे?"

मी शेजारी बसलो आणि एका कागदाची घडी घातली. तिने ती उलगडली, अंगठ्याने कागद सरळ केला.

"नीट घाल रे बाबा. आता कसली घाई?"