एकवीस किलोंचा गारवा

रूपसिंग राठोडनं बत्तीस वर्षं एसटी चालवली, पण उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवण्याचं पाप त्याच्या हातून एकदाही घडलं नाही. स्टँडवर गाडी लागली की प्रवासी जागचे उठायच्या आत ह्याचा हात किल्लीवर. कमी डिझेलमध्ये जास्त अंतर काढल्याबद्दल डेपोनं त्याला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं. ती दोन्ही तांड्यावरच्या घरात सेवालाल महाराजांच्या तसबिरीखाली टांगलेली आहेत, आणि आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ती वाचावी लागतात.

अशा माणसानं निवृत्तीनंतर एक जुनी लहानशी कार घेतली, ती बायकोसाठी. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाहून येताना सुखीबाईला ऊन लागलं. चार दिवस यवतमाळच्या दवाखान्यात सलाईन चालू होतं. डॉक्टरांनी बजावलं, ह्यांना पुन्हा उन्हात काढू नका, दुसऱ्यांदा लागलं तर निभावणार नाही. ते चार दिवस रूपसिंगच्या घशाखाली घास उतरला नाही. म्हणून एसीवाली कार आली. पण कार दारात उभी राहिली आणि ह्याचा मूळ स्वभाव जागा झाला. एसीचं बटण दाबलं की चढावर गाडी धापा टाकायची, गिअर खाली घ्यावा लागायचा. इंजिनाचे हे हाल त्याला बघवेनात.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत निजामुद्दीनचं गॅरेज आहे. गाड्यांच्या एसीत त्याचा हात धरणारा आसपास कोणी नाही. रूपसिंग त्याच्याकडे गेला आणि थेट मुद्द्यावर आला.

"निजामभाई, या एसीचं वजन किती असंन?"

निजामुद्दीनकडे भंगारातल्या गाडीचा एसी काढून ठेवलेला होता. त्यानं कॉम्प्रेसर, जाळी, नळ्या, सगळं काट्यावर मांडलं.

"एकवीस किलो. पण दादा, वजनानं काई फरक पडत नाही. खरी गोष्ट पट्ट्याची हाय. कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरते. वखर ओढणाऱ्या बैलाच्या मागं तुमी गाडाबी जोडला, तं तो दमन का नाही? तुमचं इंजिन लहान, म्हणून चढावर कळते. मोठ्या गाडीत पत्ताबी लागत नाही."

इतकं स्वच्छ सांगितलं बिचाऱ्यानं. पण रूपसिंगच्या कानात एकवीस किलो तेवढे शिरले, बाकीचं बाहेरच राहिलं. त्यानं तिथल्या तिथे डिकी उघडली, स्टेपनी काढून काट्यावर ठेवली. तिच्यावर जॅक आणि पान्यांची पेटी ठेवली. तरी काटा कमीच दाखवत होता, म्हणून पायाखालची रबरी मॅट, मागच्या काचेजवळची फळी, असं एकेक काढत गेला. काटा एकविसावर आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला की बघत राहावं.

"स्टेपनी नोका काढू, दादा," निजामुद्दीननं हात जोडले.

"बत्तीस वर्षांत माया गाडीचा टायर फुटला नाही. ठेव तुयाजवळ."

एसटीचे टायर रोज वर्कशॉपची माणसं तपासायची, हे साहेब सोयीस्करपणे विसरले.

त्याशिवाय आणखी एक पद्धत त्यानं बसवली. चढ आला की तो म्हणायचा, "चढ", आणि शेजारी बसलेली सुखीबाई एसीचं बटण बंद करायची. माथ्यावर पोचलं की "उतार", आणि ती चालू करायची. "यायनं मले कंडक्टर करून टाकलं," असं ती तांड्यावर सांगत फिरायची. तक्रार म्हणून सांगायची, पण आवाजात तोरा असायचा.

मे महिन्यात एक दिवस बारा वाजता वणीहून फोन आला. त्यांची मुलगी राखी तिकडे असते, जावई कोळशाच्या खाणीत कामाला. राखीचं दुसरं बाळंतपण, दिवस भरायला अजून पंधरवडा होता, पण कळा सुरू झाल्या म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "याडी, तू ये ना." आईला हाक मारताना तिचा आवाज फुटला.

"ऊन उतरलं का निघू," रूपसिंग म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीची सलाईनची बाटली उभी राहिली होती.

सुखीबाईच्या हातात पिशवी तयार होती. "मंग गाडी कायले घेतली? पूजा कराले?"

रूपसिंगनं किल्ली घेतली. निघाले. चढ, उतार, चढ, उतार करत जोडमोहा मागे टाकलं, आणि पुढे दोनच कोसांवर डावीकडचा मागचा टायर फुटला. रूपसिंगनं गाडी हळूहळू ओढत रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली आणली, सवयीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि उतरून पाहिलं. टायर बाजूनं चार बोटं फाटला होता. पंक्चरचा प्रश्नच नव्हता, दुसरा टायरच हवा. त्यानं डिकी उघडली. आत झाडून पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ! आयुष्यात एवढा ओशाळा तो कधी झाला नव्हता.

त्यानं निजामुद्दीनला फोन लावला. "येतो दादा, पाऊण तासात," निजामुद्दीन म्हणाला. काढून ठेवलेल्या स्टेपनीवरून टोमणा मारला नाही, आणि तेच रूपसिंगला जास्त लागलं.

मग रूपसिंग आत येऊन बसला. तोवर गाडीची भट्टी झाली होती. काचा खाली केल्या तर बाहेरून गरम झळा. सुखीबाई ओढणीनं गळा पुसत बसली. पण तिचे ओठ सुकले होते आणि चेहरा लाल व्हायला लागला होता. मागच्या वर्षीची सुरुवात अशीच झाली होती. रूपसिंगनं काचा वर केल्या, किल्ली फिरवली आणि एसीचं बटण स्वतःच्या हातानं दाबलं. टक् आवाज झाला, इंजिन जरासं दबलं, मग सावरलं. गाडी उभी होती आणि इंजिन चालू होतं.

ते ऐकत बसणं त्याला जमेना. तो खाली उतरून बॉनेटजवळ उभा राहिला. थोड्या थोड्या वेळानं आत डोकावून तापमानाचा काटा बघायचा. शेवटी सुखीबाईनं काच खाली केली.

"आत या. उन्हात उभं राहून इंजिनले कायचा धीर देऊन राह्यले?"

तो निमूट आत बसला. चालवायचं नाही, उतरायचं नाही, नुसतं बसायचं. सुखीबाईनं त्याच्या पँटची डावी बाजू गुडघ्यापर्यंत वर केली. त्या पोटरीवर केस नाहीत, कातडी काळवंडलेली. एसटीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिन असायचं. दर उन्हाळ्यात तीच त्या पोटरीला खोबरेल तेल लावत आली होती. तिनं समोरची मधली जाळी वाकवून एसीचा गार वारा त्या पायावर सोडला.

"बत्तीस वर्षं या पायानं धग खाल्ली. आज जराशी थंडी खाऊ द्या त्याले."

रूपसिंगला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि तिनंही दुसरीकडे बघितलं. पाऊण तास दोघं तसेच बसून होते. राखीच्या लहानपणीचं काहीबाही आठवत, मधूनच हसत.

निजामुद्दीन मोटरसायकलवर आला, डोक्याला ओला दुपट्टा, मागे स्टेपनी आणि जॅक-पान्यांची पेटी बांधलेली. दहा मिनिटांत टायर बदलून झाला. तेवढा वेळ सुखीबाई ओलं फडकं डोक्यावर घेऊन सावलीत बसली. जाताना त्यानं फाटक्या टायरचं चाक मोटरसायकलला बांधलं आणि जॅक, पाने डिकीत कोंबले.

"आता काई काढलं तं मीच तुमच्या डिकीत बसीन, दादा. मायं वजन पंच्याऐंशी हाय."

पुढे पहिला चढ आला. रूपसिंग काही बोलायच्या आत सुखीबाईचं बोट बटणावर गेलं.

"राहू दे," तो म्हणाला.

"अवो, चढ हाय."

"दिसते मले. राहू दे चालू."

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतकढत चढली. मागचा कोळशाचा ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढे निघून गेला. रूपसिंगनं इंजिनाला मनातल्या मनात शाबासकी दिली. वणी येईपर्यंत त्या बटणाला कोणी हात लावला नाही.

दवाखान्यात पोचायला साडेचार झाले. अर्ध्या तासापूर्वीच राखीला मुलगी झाली होती. सुखीबाई तशीच खाटेजवळ गेली आणि तिनं दोन्ही हात लेकीच्या तापलेल्या कपाळावर ठेवले. राखीनं डोळे मिटून घेतले.

"याडी, एवढ्या उन्हातून आली अन् तुये हात इतके गार?"

रूपसिंग दारातच उभा होता. त्यानं ते ऐकलं. दोन्ही प्रशस्तिपत्रं मिळाली होती तेव्हाही त्याला इतका आनंद झाला नव्हता.